पुढच्या चाकांचं लुगडं

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांत मिळून गाडीच्या पोटातलं तेल जिभेला लावून बघणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मेव्हणा म्हणून आला. दुसऱ्या कुणाला मिळाला असता तर त्यानं परत केला असता. मी ठेवून घेतला, कारण त्याची थोरली बहीण माझ्या घरात होती आणि तिच्यासमोर तिच्या भावाला नावं ठेवायची सोय नव्हती. तो हक्क तिनं स्वतःकडं राखून ठेवला होता आणि ती तो पोटभर वापरायची.

माणूस औंधाच्या अलीकडच्या एका गावचा. उंचीनं बेताचा, मिशीनं दांडगा. "पलटणीत होतो" एवढं तो वाटेवरच्या धोंड्यालाही सांगायचा, पण पलटणीत काय होतो ते कुणी खोदून विचारल्याशिवाय सांगायचा नाही. होता लांगरी, म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. पण त्याचं बोलणं ऐकलं तर वाटावं, सरहद्दीवर ह्यानं मिरचीची फोडणी दिली आणि ठसका लागून दुश्मन मागं सरला. एकदा मी तोंडावर म्हणालो, पाव्हणं, तुम्ही बंदूक कधी हातात धरली का? त्याला काही वाटलं नाही. म्हणाला, "तोफेला दारू लागती दाजी, आन् तोफ ढकलनाराला डाळ. आता तुमीच सांगा, आधी काय?" मी सांगलीत हळदीच्या पेठेत तोलारी करणारा माणूस. लोकांचे हात लग्नात एकदा पिवळे होतात, माझे रोज व्हायचे. मला पोत्याचं वजन कळतं, तोफेचं कळत नाही.

पेन्शनीवर आलेली माणसं विहीर पाडतात, म्हैस बांधतात, पोरीचं लग्न काढतात. ह्यानं मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप आणली. रंग शेवाळ्याचा, टपाच्या जागी ताडपत्री, आणि हॉर्न असा, की तो कराडात वाजवला तर मला इथं पेठेत शिंक यावी. जिपेत हत्यारांचा डबा नव्हता, मसाल्याचा डबा होता. हळदीच्या वाटीत नट, जिऱ्याच्या वाटीत वायसर, मोहरीच्या वाटीत बेरिंगचे छर्रे. पान्याच्या शेजारी एक लांब दांड्याचं उलथणं असायचं आणि अर्धी गाडी तो त्या उलथण्यानंच दुरुस्त करायचा. एकदा त्यानं आमच्याकडं जेवायला बसल्यावर तोच डबा बायकोपुढं सरकवला आणि आमटीला फोडणी दे म्हणाला. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाली, "ही मव्हरी तडतडायची न्हाई बाबा, दात पडतील." तो जोरात हसला. त्याला त्याच्यावरचे विनोद फार आवडायचे. बाकीच्यांवरचे कळायचे नाहीत.

जीप कशाला घेतली असं विचारलं की म्हणायचा, रानाला लागती. खोटं. रानात ती वर्षातून दोनदा जायची आणि दोनदा बैलांनी ओढून आणायची. खरं कारण पंचमी. आमच्या मुलखात पंचमीला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर बाईनं शेजारणीला तोंड कसं दाखवायचं? हा पलटणीत असताना एका पंचमीला मुराळी कुणीच आला नाही, तेव्हा माझी बायको एकटीच निघाली. एस.टी.नं फाट्यावर सोडलं, पुढं दोन कोस काळ्या रानाचा चिखल तुडवला, आणि गावाच्या तोंडाशी ओढ्याला पाणी. पलीकडून झोक्यावरच्या बायकांची गाणी ऐकू येत होती आणि ही अलीकडं दगडावर बसून होती. पाणी उतरलं नाही. आली तशी परत आली. मला म्हणाली, "गानी चांगली म्हनली औंदा बायकांनी." एवढंच. हे त्याला कळल्यावर तो काय बोलला ते मला ठाऊक नाही, पण पेन्शनीवर आल्यावर त्यानं चारी चाकं ओढणारी गाडी शोधून काढली. इतर मोटारींकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर दर पंचमीला, आदल्या दिवशी, पेठेच्या तोंडाशी हॉर्न वाजायचा. पेठेतले हमाल म्हणायचे, तोलार, तुमची पलटण आली. बायको सकाळपासून गाठोडं बांधून बसलेली असायची, पण हॉर्न ऐकला की मुद्दाम भांडी घासायला घ्यायची. भावाला वाटायला नको, ही वाटच बघत होती.

आता ह्या चारी चाकांच्या गाडीचं एक दुखणं असतं, ते सांगितलं पाहिजे. साध्या मोटारीला मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी भोपळा असतो. त्यात दात्यांची चाकं असतात, आणि ती जाड तेलात बुडालेली. मिस्त्री लोक त्याला डिफ्रन्सल म्हणतात. चारी चाकं ओढायची तर पुढंही तसलाच भोपळा लागतो. म्हणजे दोन पोटं. तेल बदलायचं तर दोन्हीचं, खर्च दुप्पट. मेव्हण्याला हे पटायचंच नाही. कराडला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं तो गाडी दाखवायचा. औंधाहून सांगलीला विट्यावरून सरळ वाट असताना हा कराडचा वळसा घालून यायचा, तो त्या मिस्त्रीशी भांडण्यासाठी. मिस्त्रीनं भोपळ्याचा बोल्ट काढला की हा आत बोट घालायचा, अंगठ्याला तेल लावून ताण काढून बघायचा आणि निकाल द्यायचा, "दोनतारी हाय अजून. चालतंय." पाक बघतात तसं. एकतारी झालं की बदलायचं, असा त्याचा कायदा. शंका वाटली तर जिभेला लावायचा. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणायचा, "पाव्हणं, ही काय गुळाची काहील हाय व्हय?"

दुष्काळ सरल्यावर पुढच्या श्रावणात मोठा प्रसंग झाला. त्या सुमाराला अरबस्तानातल्या लोकांनी तेल आखडून धरलं होतं, आणि त्याचा चटका औंधाच्या ओढ्याला बसला. पहिल्या पावसांत ओढ्याचं पाणी पुढच्या भोपळ्यात शिरून तेलाचं पांढरं ताक झालं होतं. मिस्त्री म्हणाला, ताक झालं. ह्यानं चाखून सांगितलं, आंबट न्हाई अजून. पण मिस्त्रीनं ह्या खेपेला ऐकलं नाही, दोन्हीचं तेल बदलल्याशिवाय गाडी ओढ्यात घालू नका म्हणाला, आणि नवा भाव सांगितला. तो आकडा आता सांगितला तर लोक हसतील, म्हणून सांगत नाही. आमच्या घरात तो भाव पुढं कापडातच चालू झाला. मागच्या भोपळ्याचं तेल म्हणजे एक चोळीचा खण. पुढच्याचंही घातलं की गेलं लुगडं.

हे मी उगाच म्हणत नाही. मेव्हण्याच्या खिशात त्या दिवशी जे होतं ते लुगड्याचं होतं. पंचमीला आणलेल्या बहिणीला भावानं लुगडं नेसवायचं असतं. नेसवलं नाही तर गावातल्या बायका त्याचं नाव काढून झोके घेतात. त्यात दुष्काळाच्या सालात त्याला ते जमलं नव्हतं आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यानं डोकं चालवलं. डोकं लांगऱ्याचं, ते कुठं चालणार? मागच्यात त्यानं मिस्त्रीकडून उरलंसुरलं तेल घालून घेतलं. पुढच्याला म्हणाला, हे पोट वर्षातनं एकदा पंचमीला जेवतं, त्याला बाजारचं तेल कशाला? घरी नेऊन त्यानं त्या पोटात करडीचं तेल ओतलं. घरच्या करडीचं, घाण्यावर गाळलेलं, ताजं. जे तेल शंभर माणसांना पचलं ते एका लोखंडाला पचणार नाही का, असा त्याचा सवाल होता. आणि लुगडं घेऊन सीटखाली ठेवलं.

त्या वर्षी पंचमीला पेठ बंद होती म्हणून मीही गाडीत बसलो. ही पुढं भावाच्या शेजारी, मी मागं गाठोड्यांत. सांगली सोडली तोवर काही नव्हतं. इस्लामपूरच्या आसपास वास सुटला. तळणाचा. कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण त्या जिपेच्या मागं गरम भज्यांचा वास येत होता. करडीचं तेल पातळ, गाडीचं सील म्हातारं. तेल थेंब थेंब गळत होतं आणि वाऱ्यानं मागं उडून तापल्या सायलेन्सरवर तळलं जात होतं. गावागावांतून कुत्री मागं लागली. कराडच्या नाक्यावर गाडी उभी राहिली तर एक माणूस जवळ आला आणि म्हणाला, कांद्याची हायत का बटाट्याची? मेव्हणा त्याच्याकडं न बघता पुढं बघत होता. बायकोनं दोनदा नाक वर करून वास घेतला, पण बोलली नाही. ती बोलायची थांबली की मला भीती वाटायची.

फाट्यावरून आत वळलो. दोन कोस चिखल पार करून ओढ्याशी आलो. पाणी गुडघ्याएवढं, तांबडं. पलीकडं झोका दिसत होता आणि त्यावरच्या बायका. मेव्हण्यानं नेहमीसारख्या चपला काढल्या, औंधाच्या यमाईचं नाव घेतलं आणि गाडी चारात, म्हणजे चारी चाकांच्या गिअरात टाकली. मधोमध गेली. मग पुढच्या भोपळ्यातून असा आवाज आला, की रेड्याच्या शेपटीवर पाय पडावा. पाठोपाठ काहीतरी कट्टदिशी मोडलं, आणि गाडी उभी राहिली. पलीकडचा झोकाही उभा राहिला.

मग बायको म्हणाली, "पुढच्यात कसलं तेल घातलंयस?"

"घरचं."

"घरचं मंजी?"

"करडीचं." आणि जरा थांबून, "ताजं हाय."

"तरीच. मला इस्लामपुरापास्नं वाटतंय, कुनीतरी माझ्या पंचमीची भजी तळतंय." तिनं भावाकडं नीट बघितलं. "आन् तेलाचं पैसं लावलंस कशाला?"

त्यानं वाकून सीटखालून कागदाचं पुडकं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. हिरवं इरकली, तांबडे काठ. चांगलं होतं. मला कापडातलं कळत नाही, पण ते चांगलं होतं. तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "भाऊ हाय मी, आक्के. बहिनीला हात हालवत न्यावं काय?"

ती म्हणाली, "हात हालवत न्ये. पर न्ये."

तेवढ्यात पलीकडून एक शेतकरी बैलजोडी घेऊन पाण्यात उतरला. जिपेच्या नाकाला सोल, म्हणजे जाड दोर बांधला, बैलांना हाकलं. सोल दुष्काळातला, वाळलेला, तटकन तुटला. परत गाठ मारली, परत तुटला. वर आभाळ भरून आलं होतं आणि पाणी चढायला लागलं असं तो शेतकरी म्हणायला लागला. मेव्हणा म्हणाला, आक्काला खांद्यावर घेऊन जातो, गाडी जाऊ द्या वाहून. ती म्हणाली, गाडी गेली तर पुढच्या साली मला कोण आणतंय, तुझी मिशी? आणि तिनं ते पुडकं फोडलं. नव्या लुगड्याची घडी मोडायला बायका मुहूर्त बघतात. आमच्या बायकोनं ती ओढ्यात मोडली. नऊ वार कापड सरळ केलं, मला एक टोक धरायला लावून पीळ भरला, तुटक्या सोलाबरोबर दुहेरी केलं आणि शेतकऱ्याच्या हातात दिलं. बैल लागले. लुगडं ताणलं, करकरलं, मला वाटलं गेलं आता. मेव्हण्यानं डोळे मिटून घेतले होते. पण इरकली ते इरकली. काठ उसवला, पण धरून राहिलं, आणि जीप हंबरत हंबरत काठाला लागली. पलीकडच्या बायकांनी त्यावर चार गाणी रचली. त्यातली दोन इथं लिहिण्यासारखी नाहीत.

लुगडं तिनं ओढ्यात धुतलं, वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी तेच नेसून वारूळ पुजायला गेली. पदराच्या कडेला वंगणाचा तळहाताएवढा काळा डाग पडला होता, तो काही गेला नाही. कुणी विचारलं तर सांगायची, भावानं घेतलं. डागाचं विचारलं तर म्हणायची, नक्षी हाय. आणि निघताना भावाला बजावलं, ह्यापुढं माझं लुगडं पुढच्या चाकात घालायचं. त्यानं खूप तंडून बघितलं. एक वर्षी तेल घातलं म्हणून खोटं सांगून लुगडं आणलं, तर तिनं स्वतः कराडला जाऊन दुकानात परत केलं आणि समोर उभं राहून तेल घालून घेतलं. तिथून पुढं मिस्त्रीच्या तोंडी ते बसलंच. जिपेचा आवाज आला की हातातलं काम ठेवून विचारायचा, "काय पाव्हणं, लुगडं बदलायचं?" दुकानात दुसरी गिऱ्हाईकं असायची, ती एकमेकांकडं बघायची. एकदा ट्रकवाला सरदारजी होता, तो गाडीभोवती फिरून बाई शोधत होता.

दर पंचमीला ती तेच हिरवं लुगडं नव्यासारखी घडी घालून न्यायची. गावात शिरायच्या आधी पदराची कड आत दुमडून डाग झाकायची आणि "भावानं घेतलं" म्हणून मिरवायची. गावाला ते पाठ झालं होतं. बायका तोंडावर म्हणायच्या, आक्का, औंदा बी हिरवंच? ती म्हणायची, त्याला माझ्यावर हिरवं आवडतं. मेव्हणा तेवढ्यापुरता गोठ्यात जाऊन उभा राहायचा.

ती गेल्या फाल्गुनात गेली. दुखणं थोडं होतं, पण तिला पुरलं. जास्त काय सांगू.

आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, भावानं आणलेलं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत. पेठेतला एक माणूस पहाटेच्या ट्रकनं निरोप घेऊन गेला होता. ऊन चढलं. भाऊबंद कुजबुजायला लागले, किती वेळ ठेवायचं. मी दारात बसून होतो. दुपार कलताना पुलाच्या बाजूनं लांब हेल काढल्यासारखा आवाज यायला लागला. शेजारच्या बायका म्हणाल्या, माहेरच्या बायका आल्या वाटतं, लांबूनच रडत येत आहेत. मी म्हणालो, बायका नव्हेत, पुढचा डिफ्रन्सल आहे. कुणी हसलं नाही. ती असती तर हसली असती.

पुढच्या तेलाचं मागच्या पावसाळ्यात पुन्हा ताक झालं होतं आणि तो ते बदलायला कराडला जाणारच होता. गेलाही. पण मिस्त्रीच्या दारात न थांबता समोरच्या कापडाच्या दुकानात शिरला. मिस्त्रीनं हाक मारली, पाव्हणं, गाडी ओरडतीया. हा म्हणाला, ओरडू द्या. हे मला नंतर मिस्त्रीनं सांगितलं. मेव्हण्यानं आमच्या घरात कुणाकडं न बघता पुडकं सोडलं, स्वतःच्या हातानं लुगडं तिच्या अंगावर पसरलं, काठ सारखे केले. मग वाकून तिला म्हणाला, "ह्या खेपेला माझं चाललं, आक्के."

श्रावण आला. पंचमीच्या आदल्या दिवशी मी पेठेत जायचं टाळून घरातच बसलो होतो. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. हॉर्न वाजला. मी भांडी घासायला घेतली नाही, पण उठलोही नाही. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चला दाजी." मी म्हणालो, मला कशाला नेतोस, मी काय माहेरवाशीण आहे? तो म्हणाला, "मुराळी मोकळा जात न्हाई. बसा." मी टोपी घातली. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पेटीतलं तिचं हिरवं लुगडं घेतलं. दुसरं घेण्यासारखं घरात काही नव्हतं.

कराडला मिस्त्री सवयीनं म्हणाला, काय पाव्हणं, लुगडं... आणि तिथंच थांबला. मी म्हणालो, बदल. दोन्हीकडचं बदल. मिस्त्रीनं बोल्ट काढला. मेव्हण्यानं बोट घातलं, अंगठ्याला लावलं, ताण काढला आणि किती तारी ते न सांगता धोतराला पुसलं.

ओढ्याला पाणी होतं. त्यानं चपला काढल्या, यमाईचं नाव घेतलं, गाडी चारात टाकली. पुढून हूं नाही की चूं नाही. पाण्यातून गाडी अशी गेली की तिच्यासारखी गाडी नाही. पलीकडं झोका चालू होता. बायकांनी जीप ओळखली आणि गाणं थांबवून बघायला लागल्या. मी तिच्या जागेवर बसलो होतो, लुगडं मांडीवर. मेव्हण्यानं वेग कमी केला, समोर बघतच राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "डाग आत घ्या, दाजी. बायका बघत्यात."

मी कड आत दुमडली.